जरा हे धरता का?

पहाटे ओल्या गवतात गुडघे टेकून, श्वास रोखून, फोटोसाठी दवाने भिजलेली टाचणी (हा एक कीटक) शोधून काढायची आणि मग ती एका अनोळखी गृहस्थांच्या लेन्सच्या चाचणीवर खर्ची पडायची, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. टाचणी मी शोधली होती. पाठीमागे नुसता हिरवा रंग राहील आणि एकही आडवी काडी मध्ये येणार नाही, अशी जागाही मीच हेरली होती. गृहस्थांनी फक्त लेन्स आणली होती, आणि त्यांच्या मते तेवढे पुरेसे होते.

टाचणी हा चतुराच्या जातकुळीतला सडपातळ कीटक आहे. रात्रीच्या गारव्याने तिचे अंग आखडलेले असते आणि उन्हाने ते तापेपर्यंत तिला नीट उडता येत नाही. पंखांवर, पायांच्या केसांवर, डोळ्यांवर दवाचे थेंब असतात. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून छायाचित्रण करणाऱ्याला जो काही वेळ मिळतो तो एवढाच, सूर्य त्या काडीपर्यंत पोहोचेपर्यंतचा. म्हणूनच मागून कोणी खाकरले तेव्हा मी वळून पाहिले नाही. पण गृहस्थ पुढे येऊन थेट माझ्या शेजारी उकिडवे बसले, माझ्या लेन्सकडे त्यांनी निरखून पाहिले आणि विचारले, “ऑटोफोकस का?” घरात कोणी आजारी आहे का, हे ज्या हलक्या आवाजात विचारतात, नेमक्या त्या आवाजात.

माझी लेन्स आपोआप फोकस साधते, म्हणून मी होय म्हणालो. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि बॅगेतून एक पुडके काढले. मऊ कापडाच्या आत चेन लावलेली पिशवी, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या सगळ्यांच्या आत ती लेन्स. “फोक्टलेंडर मॅक्रो अ‍ॅपो-लँथार. एकशेपंचवीस, अडीच.” म्हणजे फोकल लांबी १२५ मिलिमीटर आणि अ‍ॅपर्चर, प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/२.५; हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. यापुढे ते थांबले. मी काहीतरी म्हणावे अशी अपेक्षा होती. मी “वा” म्हणालो. ते पुरेसे नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

लेन्स चांगली आहे, हे मला माहीत होते आणि नाइलाजाने मान्यही आहे. फोक्टलेंडर हे १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या कारखान्याचे नाव. ते नाव घेऊन जपानच्या कोसिना कंपनीने २००० नंतरच्या दशकात ही लेन्स थोडीच वर्षे बनवली, निकॉन, कॅनन, पेन्टॅक्स, ऑलिंपस अशा निरनिराळ्या कॅमेऱ्यांना बसणाऱ्या माउंटांमध्ये विकली आणि मग बंद केली. कीटक खऱ्या आकाराइतका सेन्सरवर उतरवायचा, म्हणजे एकास एक, हे काम ती कोणतीही जोडभिंगे न लावता करते. शिवाय ती अ‍ॅपोक्रोमॅट आहे. साध्या लेन्समध्ये दोन रंगांचे किरण एका ठिकाणी आणले की काम झाले असे मानतात. अ‍ॅपोक्रोमॅटमध्ये तीन रंग जुळवतात. सूक्ष्मदर्शकासाठी ही करामत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८८६ मध्ये साधली होती. फायदा असा की चकाकत्या थेंबाच्या कडेला, फोकसच्या अलीकडे जांभळी आणि पलीकडे हिरवी अशी जी किनार उमटते, ती येथे जवळजवळ दिसत नाही. इथवर माझी काहीच तक्रार नाही. आबे यांच्याविषयीही नाही.

“फोकसची रिंग फिरवून बघा,” गृहस्थ म्हणाले. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी लेन्स मागे घेतली आणि स्वतःच फिरवून दाखवली. “किती फिरते बघा. जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्या. तुमच्या त्या आजच्या लेन्स जरा हात लावला की इकडच्या तिकडे जातात.” रिंग खरोखरच लोण्यासारखी फिरत होती. फिरतच होती. नळी पुढे पुढे येत राहिली आणि गृहस्थांचे डोळे मिटले.

आता एक गोष्ट कोणीतरी बोलायला हवी. एकास एकच्या आसपास फोकससाठी रिंग फिरवली की प्रतिमेचा आकारही बदलतो, त्यामुळे मैदानात काम करणारा माणूस रिंगला हात लावतच नाही. तो आकार एकदा ठरवतो आणि मग स्वतः केसभर पुढे-मागे डुलतो. ज्या दोन फेऱ्यांचे एवढे गुणगान होते, त्या प्रत्यक्षात दूरवरून जवळ यायला लागणारा वेळ वाढवतात, आणि तेवढ्यात कीटक निघून गेलेला असतो. हे मी त्यांना सांगू लागलो होतो. पण त्यांनी माझ्या हातात उजेड मऊ करणारा पांढऱ्या कापडाचा डिफ्यूझर दिला आणि म्हणाले, “जरा हे धरता का?”

मी ते धरले. का धरले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. सभ्य माणसाच्या हातात कोणी काही दिले की तो धरतो, एवढेच. गृहस्थांनी आपला ट्रायपॉड माझ्या ट्रायपॉडच्या जागी उभा केला. “अ‍ॅपर्चर?” मी विचारले. “अडीच,” ते म्हणाले. मी चाचरत म्हणालो की एकास एकला एफ/८ वरसुद्धा जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, आणि अडीचवर तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. कॅमेराही टाचणीच्या अंगाला समांतर नाही, तेव्हा निदान तो तरी थोडा फिरवावा. ते दयाळूपणे हसले. “ही लेन्स आठवर वापरायची? मग ही घेतली कशाला?”

यानंतर रिंग फिरू लागली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. माझा खांदा भरून आला. ऊन गवताच्या शेंड्यांवरून खाली सरकत होते आणि टाचणी पुढच्या पायाने डोळ्यांवरचे दव पुसू लागली होती. शटर वाजले. एकदाच. गृहस्थांनी पडद्यावर प्रतिमा मोठी केली, आणखी मोठी केली आणि टाचणीचा डोळा ओलांडून, पंख ओलांडून, पोटाच्या टोकाशी लटकलेल्या एका थेंबावर येऊन थांबले. “बघा,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले, “किनार नाही!” खरोखरच किनार नव्हती. टाचणीही नव्हती, म्हणजे एक निळसर धूर होता. मग त्यांनी बटण दाबून तो फोटो पुसून टाकला.

“पुसलात?” मी ओरडलोच.

“फोटो ठेवून काय करायचा? लेन्स तपासायची होती.”

मी माझा कॅमेरा लावेपर्यंत टाचणी काडीच्या मागे सरकली होती. या कीटकांची ती सवयच असते: बारीक देह काडीआड लपतो आणि दोन्ही बाजूंनी एकेक डोळा तेवढा बाहेर दिसतो. त्या दोन डोळ्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहून ती उडाली. गृहस्थ लेन्स गुंडाळून ठेवण्यात मग्न होते. “कोणी विकत असेल तर कळवा हं,” ते म्हणाले. “मला अजून एक हवी आहे.” दुसरी कशाला, असे मी विचारले. “वापरायला. ही बाहेर काढायला जीव होत नाही.”

हसू येण्यासारखेच आहे हे, पण मला हल्ली येत नाही. अशा लेन्सच्या भक्तांनी काढलेले फोटो मी पाहिले आहेत. त्यांत विटांच्या भिंती असतात, मोजपट्ट्या असतात, आणि सर्वांत जास्त असतात त्या लेन्सचे स्वतःचे, दुसऱ्या एखाद्या मॅक्रो लेन्सने काढलेले फोटो. मुळात मोजक्याच तयार झालेल्या या लेन्सपैकी कित्येक आर्द्रता मोजणाऱ्या काट्याशेजारी कपाटात पडून आहेत, आणि ज्याला कोळ्याच्या आठ डोळ्यांची मांडणी पाहून कूळ ओळखायचे आहे, तो बिचारा जवळून टिपता यावे म्हणून साध्या लेन्समागे नळ्या जोडत बसतो. कोसिनाने २०१८ मध्ये याच नावाची ११० मिलिमीटरची नवी लेन्स आणली. तीही अ‍ॅपो, तीही एकास एक, तीही हाताने फोकस करायची. तिच्याविषयी मी गृहस्थांना विचारले होते. त्यांनी नाक मुरडले. “ती काय, दुकानात मिळते.”

किरॉन या कंपनीच्या १०५ मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सलाही आता असेच शोधत हिंडतात. लेस्टर डाइन या नावाने ती दंतवैद्यांसाठी विकली जाई, आणि आज तिच्या रिंगेविषयी, तिच्या वजनाविषयी, तिच्यावरच्या अक्षरांविषयीसुद्धा भारावून बोलणारे लोक भेटतात. त्या दंतवैद्यांपैकी कोणी रिंग फिरवताना डोळे मिटत असेल असे मला वाटत नाही. रोग्याचा जबडा दुखत असे, खुर्चीबाहेर पुढचा रोगी बसलेला असे, आणि फोटोत दाढच यावी लागे.