भूसंपादनाची नोटीस आली की जमीन गेली? फिरणाऱ्या मेसेजमधला एकेक मुद्दा

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की जमीन मुळात सरकारचीच, नोटीस आली की ती गेली समजा, मोबदला रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या) रेटनेच मिळतो, चेक गुपचूप घ्या नाहीतर पैसे बुडतात, वर टॅक्स कापला जातो आणि कोर्टात जाऊन काही मिळत नाही. खाली कुणीतरी जोडलंय की नोटीस घेतलीच नाही तर काम थांबतं. लोक हे वाचून घाबरून सह्या करतायत आणि नंतर हात चोळत बसतायत, म्हणून हे लिहितोय.

"जमीन सरकारचीच." नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला हे खरं, पण कलम 300अ आलं आणि कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही हे तिथे स्पष्ट आहे. हिमाचलमधल्या एका वयस्कर बाईंची जमीन 1967-68 मध्ये कसलंही संपादन न करता रस्त्यासाठी घेतली होती आणि सरकार उलट म्हणत होतं की इतकी वर्षं आमचा ताबा आहे म्हणजे जमीन आमची. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हे साफ नाकारलं आणि मोबदला द्यायला लावला. 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या केसमध्ये त्याच कोर्टाने मालकाचे हक्क एकामागोमाग सांगितले, त्यात नोटीस मिळण्याचा, हरकत ऐकली जाण्याचा, कारणांसह निर्णय मिळण्याचा आणि वाजवी मोबदल्याचा हक्क आहे.

"नोटीस आली म्हणजे जमीन गेली." सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेऊ शकतं, ते बहुतेक वेळा थांबवता येत नाही, हे मी लपवणार नाही. पण 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 11 ची अधिसूचना निघाली की हरकतीला 60 दिवस असतात आणि सुनावणी मागता येते. नॅशनल हायवेच्या कायद्यात मात्र फक्त 21 दिवस, त्यामुळे हातात आलेला कागद कुठल्या कायद्याखालचा आहे ते आधी बघा. आणि पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही हे 2013 च्या कायद्याच्या कलम 38 मध्ये लिहिलेलं आहे. नोटीस न घेण्याची आयडिया तर सगळ्यात वाईट, काम थांबत नाही, तुमच्या गैरहजेरीत निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, होतो आणि मुदती तुमच्या नकळत संपत जातात.

"रेडी रेकनरचाच रेट मिळतो." कलम 26 म्हणतं रेडी रेकनरचा भाव आणि जवळच्या तशाच जमिनींच्या व्यवहारांची सरासरी, यातलं जे जास्त ते धरायचं, आणि सरासरी काढताना मागच्या 3 वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाची निम्मी खतं घ्यायची. म्हणून तुमच्या बाजूची खतं तुम्हीच शोधून साहेबांपुढे ठेवा. त्यावर ग्रामीण भागात 1 ते 2 मधला गुणांक लागतो आणि मग 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने जाते म्हणून तेवढेच पैसे वर. समजा एकरी बाजारमूल्य 10 लाख निघालं आणि गुणांक 2 लागला तर 20 लाख, दिलासा धरून 40 लाख. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला 12 टक्के वेगळे. विहीर, बोअर, पाईपलाईन, फळझाडं, घर यांची किंमत आणखी वेगळी, पण ती संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात आली तरच, म्हणून त्या दिवशी शेतात हजर राहा, एकेक झाड मोजून घ्या, फोटो काढा आणि यादी अर्धवट असेल तर सही करताना तसं लिहा. नंतर तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

"चेक घेतला नाही तर पैसे बुडतात." बुडत नाहीत, ते प्राधिकरणाकडे, म्हणजे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे, जमा होतात. पण खरी गोष्ट मेसेज सांगतच नाही. पैसे घ्यायचे आणि लढायचं, दोन्ही करता येतं. कलम 77 प्रमाणे रक्कम कमी आहे म्हणून निषेध नोंदवून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट, पैसे घेता येतात, आणि तसं न लिहिता घेतले तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागायचा दरवाजाच बंद होतो. इतकी जमीन गेलेली माणसं निव्वळ या दोन शब्दांसाठी हक्क घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पावतीवर लिहा, वेगळा अर्ज द्या, पोच घ्या, क्लार्क म्हणाला की असं चालत नाही तरी लिहाच. कलम 64 चा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर 6 आठवड्यांत, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यातलं जे आधी संपेल ते. नॅशनल हायवे असेल तर वाद लवादाकडे जातो. आणि संमतीने थेट खरेदी देत असाल तर खरेदीखत झाल्यावर हा रस्ता उरेल असं धरू नका, तिथे भाव सहीच्या आधीच ठरवून घ्यायचा.

टॅक्सचं पटकन सांगतो. कलम 96 प्रमाणे 2013 च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर इन्कम टॅक्स नाही, 2016 मध्ये आयकर खात्याने तसं परिपत्रकही काढलंय. कुणी टीडीएस कापत असेल तर ते दाखवा.

"कोर्टात जाऊन काही मिळत नाही." वेळ लागतो हे खरं. पण जास्त ठरलेल्या रकमेवर ताब्यापासून व्याज मिळू शकतं, पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के. आणि ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्यासाठीही कलम 73 आहे, त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढ दिली तर तुम्हालाही तेवढी मागता येते, फक्त त्या निकालापासून 3 महिन्यांच्या आत लेखी अर्ज गेला पाहिजे. तेव्हा तुमच्या अधिसूचनेतल्या कुणाची केस चालू आहे ते आजच विचारून ठेवा आणि त्यांच्या वकिलांकडून निकालाची तारीख कळत राहील अशी सोय करा.