केळवण उलटं झालंय

टोलविरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून 2015 साली तो बंद पाडणारं आमचं कोल्हापूर. 2019 ला मटणाचा दर वाढला तेव्हा कृती समिती काढून भांडलेलंही हेच गाव. बाहेरच्यांना हसू येतं, येऊ दे. पण याच गावातल्या पोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादीच्या बॅचलरेटसाठी, म्हणजे लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या ट्रिपसाठी, 'गोवा फायनल, पर हेड 9,500, आज रात्रीपर्यंत जीपे करा' असा मेसेज पडला की सगळं चिडीचूप. अंगठे, दोन-तीन नाचणाऱ्या बायका, एखादं 'येय'. आणि रात्री जेवणं उरकली की एकेकीचा खासगीत फोन सुरू होतो. "अगं, तू भरलेस काय पैसे? मला जरा जडच जातंय गं. ग्रुपवर नको बोलूस हं."

ग्रुपवर नको, म्हणून इथं बोलते. आमच्यातल्या निम्म्या जणी ही पोस्ट वाचणार आहेत. त्यांनी खुशाल रागवावं, फक्त शेवटपर्यंत वाचून रागवावं.

मी शाहूपुरीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले की स्वतःचेही लिहायची खोड लागते. माझ्या वयाच्या मैत्रिणींची लग्नं सध्या एकापाठोपाठ एक लागलेत. गेल्या लग्नसराईचा माझ्या वहीतला खर्च बघितला तर खुद्द लग्नात गेलेला पैसा अगदी किरकोळ आहे. आहेराचं पाकीट आणि रिक्षा. बाकी सगळं अक्षता पडायच्या आधीच गेलंय. साखरपुड्याचा ड्रेस, बॅचलरेट, मेहंदी, हळद, संगीत. आमच्यात कुणाला 18 हजार पगार आहे, कुणाला 25. एक शिरोलीच्या फौंड्रीत ऑफिसला आहे, एक खासगी शाळेत शिकवते आणि तिला मे महिन्याचा पगारच मिळत नाही. पुण्यात आयटीत असलेल्या दोघी आहेत आणि बहुतेक वेळा पोल त्याच टाकतात. त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या खिशाला ते परवडतं. पण पोलमध्ये 'गोवा की लोणावळा' असं विचारलेलं असतं, 'किती जमेल' हे कुणी विचारत नाही.

हळदीचंच बघा. आमच्या आयांच्या वेळी हळदीला जाताना कपाटातली सगळ्यात जुनी साडी काढायची. डाग पडणार हे धरूनच चालायचं. पाच सवाष्णींनी जात्यावर हळद दळायची, लावायची, नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडं यायची, आणि मग मांडवात जो सापडेल त्याला माखायचं. आता हळदीसाठी नवा ड्रेस लागतो. नुसता पिवळा चालत नाही, मस्टर्ड पाहिजे, कारण नवरी लेमनमध्ये आहे आणि फोटोत ती उठून दिसली पाहिजे. त्या मस्टर्डसाठी मी गांधीनगरच्या बाजारात अख्खी दुपार घालवली, दीड हजार मोजले. आणि प्रत्यक्ष हळदीला काय, तर कुणी कुणाच्या जवळ जाईना! ड्रेस खराब होईल म्हणून. फोटोग्राफरनं सगळ्यांच्या हातात गुलाबाच्या पाकळ्या दिल्या, त्या तीनदा उधळून घेतल्या, आणि हळद नवरीच्या गालावर बोटभर लागली. तो ड्रेस आता पुन्हा कुठं घालायचा? पुढच्या हळदीची थीम फ्लोरल पेस्टल आहे.

संगीताचं फार बोलत नाही. कोरिओग्राफरचे पैसे गाण्यामागं असतात आणि ते नाचणाऱ्यांत वाटले जातात. मला नाचता येत नाही. मागच्या रांगेत उभं राहून हात हलवायचेही पैसे पडतात एवढं कळलं.

गोव्याचं गणित मात्र नीट समजून घ्या. कोल्हापुरातून गोव्याला थेट रेल्वे नाही. वैभववाडीची लाईन आम्ही शाळेत होतो तेव्हापासून पेपरात वाचतोय. मिरजेला जाऊन गाडी पकडता येते, पण तो विषय निघाला तरी पोरी तोंड वाकडं करतात. मी एकदा म्हटलं, बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, सावंतवाडीपर्यंत लालपरीनं जाऊ, पुढचं पुढं बघू. त्यावर जेवढे हसायचे इमोजी आले तेवढे मला वाढदिवसालासुद्धा आले नव्हते. मग मोठी गाडी ठरते. आजरा-आंबोलीमार्गे जायचं, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, त्याचं जेवण वेगळं. खोल्यांचं तर विचारूच नका. हॉटेलची खोली दिवसाला 7,500 पर्यंत असेल तर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर गेली की 18. म्हणजे 7,400 ची खोली करासकट 7,770 ला पडते आणि 8,000 ची पडते 9,440 ला. भाड्यात फरक 600 चा, बिलात 1,670 चा. हे मी ग्रुपवर व्यवस्थित मांडलं. उत्तर आलं, 'पण त्याला बाल्कनी आहे ना.'

त्यात 'टीम ब्राइड'चे टी-शर्ट, फुगे, गुलाबी पट्टे, केक. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे नवरीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा. हा नियम कुणी घातला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

माझं खरं म्हणणं इथून पुढं आहे. लग्नाला पैसे लागणारच, कधी लागत नव्हते? आमच्या आजोळी, कागलकडं, आजोबांच्या आहेराच्या वह्या अजून आहेत. नाव, गाव, रुपये 11. कुणाचं पातेलं, कुणाची टॉवेल-टोपी. त्यांच्या घरात कार्य निघालं की ती वही काढायची, आपल्याला काय आलं होतं ते बघायचं आणि त्यात थोडं घालून परत करायचं. आहेर म्हणजे सबंध भावकीची मिळून चाललेली भिशीच होती. त्यात कटकटी होत्या, रुसवेफुगवे होते, 'आमच्या वेळी एवढंच केलं' हे टोमणे मी स्वतः ऐकलेत. पण आकडा तुमच्या ऐपतीप्रमाणं तुम्ही ठरवायचा, आणि आज ना उद्या तो तुमच्या दारात परत यायचा.

गोव्याच्या वर्गणीला असली वही नाही. पहिल्यांदा जिचं लग्न झालं तिच्यासाठी सगळ्या हजर होत्या, कारण तेव्हा सगळ्या मोकळ्या होत्या. शेवटी जिचं लग्न होईल तेव्हा दोघींची पोरं लहान असतील, एक बदली होऊन लांब गेलेली असेल, एकीच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता असेल. तिनं सगळ्यांसाठी भरलं, तिच्यासाठी कोण भरणार? आणि आमच्यातली एक जण लग्नच करणार नाही म्हणते. तिनं आत्तापर्यंत प्रत्येक ट्रिपचे पैसे वेळेवर पाठवलेत. तिच्या नावानं कुणी व्हिला बुक केल्याचं मी अजून ऐकलं नाही.

आणि केळवण आठवा. लग्न ठरलं की मैत्रीण, मावशी, शेजारीण नवरीला आपल्या घरी जेवायला बोलवायची. पाटाभोवती रांगोळी, ज्याच्या घरी जे जमेल ते. कुणी श्रीखंड-पुरी केली, कुणी पुरणपोळी आणि कटाची आमटी, कुणी तांबडा-पांढरा. जाताना हातात ब्लाऊजपीस आणि नारळ. एखादीनं साधा शिरा केला तरी ते केळवणच असायचं. खर्च करणारा बोलवायचा आणि नवरी जायची. आता नवरी बोलवते आणि खर्च जाणाऱ्यांनी करायचा. बांगड्या भरायच्या कार्यक्रमातसुद्धा कासार नवरीच्या घरी यायचा, आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात हिरवा चुडा भरायचा आणि पैसे नवरीच्या घरचे द्यायचे. आलेल्या बाईनं कधी स्वतःच्या बांगड्यांचे पैसे दिलेत?

पोरांचं काही वेगळं नाही. माझा भाऊ मंगळवार पेठेतल्या तालमीतला. त्यांच्यात पूर्वी नवरदेवाच्या नावानं रस्सा मंडळ व्हायचं. कुणाच्या तरी शेतात चूल पेटायची, मटणाची वर्गणी समान, आणि ज्याच्याकडं पैसे नसायचे तो जळण आणायचा, नाहीतर कांदा-खोबरं भाजायला बसायचा. वर्गणी न देता जेवला म्हणून कुणाला कुणी हिणवलं नाही. आता तेच पोरगे "भावा, बागा बीचला बसू की" म्हणून 12-12 हजार काढतात आणि महिनाअखेरीला आईकडं पेट्रोलला पैसे मागतात.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. गोव्याला मला मजा आली. खूप आली. आमच्यातल्या तिघींना आयुष्यात पहिल्यांदाच घरातलं कुणी मोठं बरोबर नसताना दोन रात्री बाहेर राहायला मिळालं. 'मैत्रिणीचं लग्न आहे' एवढ्या एका कारणावर आमच्या घरचे सोडतात. नुसतं 'फिरायला जाते' म्हटलं तर "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा की" हे ठरलेलं उत्तर. रात्री अकरा वाजता समुद्रावर बसून आम्ही ज्या गप्पा मारल्या त्या कुणाच्या हॉलमध्ये, आईसमोर झाल्या नसत्या. त्यामुळं 'हे सगळं फॅड आहे' म्हणणाऱ्या काकांनी कमेंटमध्ये नाचू नये. तुम्ही पोरींना एरवी सोडलं असतं तर एवढ्या महागाचं निमित्त शोधावं लागलं नसतं. मेहंदी काढणाऱ्या, मेकअप करणाऱ्या, फुलांची सजावट करणाऱ्या कितीतरी पोरी यावरच घर चालवतात, हेही मला दिसतं.

पण त्या समुद्रावर आमची शाळेतली मैत्रीण नव्हती. तिनं ग्रुपवर लिहिलं होतं, 'परीक्षा आहेत गं, पुढच्या वेळी नक्की.' परीक्षा नव्हत्या. ती गेल्या लग्नालाही नव्हती, त्याच्या आधीच्या मेहंदीलाही नव्हती, आणि आता नवीन ग्रुप निघतो तेव्हा तिला ॲड करायचं की नाही यावर दोन मिनिटं चर्चा होते. 'ती कुठं येते?' आठवीपासून एका बाकावर बसणारी पोरगी अशी बाजूला पडते, भांडण नाही, तंटा नाही. दुसरी एक जण आली होती, तिनं भिशी आधी उचलली होती. मला हे परत आल्यावर दोन महिन्यांनी कळलं.

नवरीला दोष देऊन उपयोग नाही. तिचं डोकं आधीच हॉल, केटरर आणि सोन्यात अडकलेलं असतं. 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेल्यावर सराफांच्या गुजरीत जाऊन आलेल्या कुठल्याही नवरीच्या बापाचा चेहरा बघा. पूर्वी आम्ही मैत्रिणी मिळून एखादा ग्रॅम द्यायचो, ते आता बंदच झालं. बहुतेक वेळा नवरीला गोवा नकोच असतो, तिला वाटतं मैत्रिणींना हवाय. मैत्रिणींना वाटतं तिला हवाय. सगळ्यांच्या डोक्यात रील. 2024 च्या मार्चमध्ये अंबानींच्या घरचं जामनगरचं तीन दिवसांचं प्री-वेडिंग आपण सगळ्यांनी फोनवर बघितलं, आणि तिथून पुढं प्रत्येक साखरपुड्याला थीम आली. पण तिथं पाहुण्यांकडून पर हेड घेतलं नव्हतं, एवढं तरी लक्षात घ्या.

मी आता दोन गोष्टी धरून बसलेय. ठिकाणाचा पोल पडायच्या आधी प्रत्येकीला वेगळं विचारायचं, तुला किती जमेल, आणि सगळ्यात कमी आकडा येईल तो ग्रुपवर टाकायचा, कुणाचा ते न सांगता. मागच्या महिन्यात हे केलं तेव्हा आकडा 1,200 आला. पुण्याच्या एकीनं लिहिलं, 'एवढ्यात काय होणार?' पन्हाळा झाला. सकाळी गेलो, झुणका-भाकरी, दही, खरडा, तटावर बसून नवरीची यथेच्छ टिंगल, अंधार पडायच्या आत घरी. शाळेतली मैत्रीण आली होती आणि सगळ्यात जास्त तिचीच बडबड चालू होती. फोटो काही खास आले नाहीत, ऊन फार होतं.

दुसरी गोष्ट, ज्यांना फारच बाल्कनी हवी आहे त्यांनी वरचे पैसे स्वतः घालावेत. नाहीतर बाल्कनी सोडावी. यावर ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे, आणि एकीनं मला 'सीए मॅडम' म्हणून टोमणा मारून झालाय. मी सीए नाही, पण चालेल.

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा मुहूर्त सुरू. आमच्यातल्या दोघींची लग्नं तेव्हा आहेत. त्या दोघींचं केळवण माझ्या घरी, आईला विचारून झालंय. रविवारी दुपारी या, जुनी साडी नेसून आलात तरी चालेल. मटण खाणाऱ्या कोण आणि नुसत्या आमटी-भातावर राहणाऱ्या कोण तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा. ते ग्रुपवर बोललात तरी हरकत नाही.