आमची लाईन वेगळी आहे

जुन्या सिरियल परत बघू नयेत हे मला एव्हाना कळायला हवं होतं, कारण महाभारताने आधीच इंगा दाखवला होता. बी. आर. चोप्रांचं, १९८८ ते ९० वालं, ९४ भाग. मोठ्या भक्तिभावाने बसलो आणि चौथ्या दिवशी हात आपोआप स्पीडकडे गेला, दीडपट. आता हरीश भिमाणींचा तो आवाज, 'मैं समय हूँ', हे दीडपट स्पीडवर ऐकून बघा एकदा, समयलाच कुठेतरी पोचायला उशीर झालाय असं वाटतं. आणि ते बाण. माझ्या आठवणीत बाण सुटायचा, समोरून दुसरा यायचा, फट्, विषय संपला. प्रत्यक्षात बाण निघाल्यापासून टक्कर होईपर्यंत माणसाची दाढी करून होते, कानशिलाजवळचं नीट करून.

तरी म्हटलं ब्योमकेश बक्शीचं असं होणार नाही. ब्योमकेश म्हणजे काय, १९९३, दूरदर्शन, बासू चॅटर्जी, रजित कपूर धोतर नेसून शांतपणे बसलाय, के. के. रैना अजित बनून आपल्या मनातले बावळट प्रश्न आपल्या वतीने विचारतोय. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायचं नाही, सत्यान्वेषी म्हणायचं. मी सातवीत असताना वहीच्या मागच्या पानावर नावापुढे सत्यान्वेषी लिहून बघितलं होतं आणि शुद्धलेखनाच्या सरांनी ते नेमकं तपासलं होतं, असो. मुद्दा हा की या सिरियलचा मी स्वतःला जाणकार समजतो. ब्योमकेशची शाल मरून रंगाची होती हे मी आजवर कुणालाही छातीठोक सांगत आलोय, आणि आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता हे परवा बायकोने लक्षात आणून दिलं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. 'रास्ते का काँटा' हा एपिसोड माझा अर्धवट राहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रस्त्यात चालता चालता, भर दिवसा, लोक धाडकन पडून मरतायत आणि छातीत काय सापडतं तर ग्रामोफोनची पिन. कोणी गोळी झाडताना दिसत नाही, आवाज नाही, काही नाही. शिवाय पेपरात एक जाहिरात येत असते की तुमच्या वाटेतला काटा काढायचा असेल तर अमुक वेळी अमुक ठिकाणी दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा. आता यापेक्षा भारी सुरुवात मी तरी आजपर्यंत बघितलेली नाही. आणि ब्योमकेश ते अर्धवट हसू हसून काहीतरी सांगणार तेवढ्यात आमच्याकडचे लाईट गेले. अर्धा तास आम्ही अंधारात टीव्हीकडेच तोंड करून बसलो होतो, जसं काही लाईट आले की तो आमच्यासाठी थांबलेला असेल.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या मित्राला गाठलं. त्यांच्याकडचे लाईट कधी जात नसत. "आमची लाईन वेगळी आहे," असं तो म्हणायचा, आणि ज्या सुरात म्हणायचा त्यावरून ती दिल्लीहून डायरेक्ट आणल्यासारखी वाटायची. त्याने मला सगळा शेवट करून दाखवला. खुनी म्हणजे ते रस्त्यावरचे दिवे लावायला येणारा माणूस. त्याच्या हातात छत्री. छत्रीच्या दांडीत स्प्रिंग. खांबापाशी उभा राहून छत्री नुसती रोखायची, टक्, पिन आरपार. शेवटी ब्योमकेश ती छत्री उघडतो आणि आतून चाळीस पिना खाली सांडतात. चाळीस, आकडा पण सांगितला त्याने. 'मकडी का रस' पण माझा हुकला होता, त्याचाही शेवट त्यानेच सांगितलेला, आणि तोही असाच जबरदस्त होता.

ही छत्रीची गोष्ट मी त्यानंतर किमान दहा जणांना सांगितली असेल. कॉलेजात एका मुलीला पावसात छत्रीखाली उभं राहून सांगितली होती, इफेक्टसहित, आणि पुढे तिच्याशी लग्नही झालं, म्हणजे बघा.

तर गेल्या रविवारी सगळे घरी होते, भाची राहायला आली होती, म्हटलं चला, लावूया. प्रिंट अशी की माणसांपेक्षा अपलोड करणाऱ्याचं नाव जास्त स्पष्ट दिसतंय. ब्योमकेशने बोलायला तोंड उघडलं की जाहिरात, पाच सेकंदांनी स्किप. पूर्वी निदान लाईट एकदाच जायचे. आईला खुनाशी काही देणंघेणं नव्हतं, ती सुकन्या कुलकर्णीची वाट बघत होती, कारण सत्यवती तीच, आणि आईच्या लेखी ती कायमची 'आभाळमाया'तली सुधा. "सुधा कधी येणार?" हे तिने इतक्यांदा विचारलं की शेवटी मीच सांगितलं, आई, सध्या ब्योमकेश बॅचलर आहे.

भाची पंधरा वर्षांची. सुरुवातीला तिचे प्रश्न वेगळेच, हे लोक एक वाक्य बोलून झालं की थांबतात का, मागे म्युझिक का नाहीये, कॅमेरा हलत का नाही. मी म्हटलं, बाई गं, याला अभिनय म्हणतात, बघ जरा. मग तो एक माणूस येतो, ज्याला पिन लागते पण खिशातल्या घड्याळामुळे वाचतो, आणि तो सांगतो की त्या वेळी सायकलची घंटी ऐकू आली होती.

"सायकलवाला," भाची मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली.

"काय सायकलवाला?"

"त्यानेच मारलं. घंटीतून. नाहीतर घंटीचं कशाला सांगतील?"

मी जे हसलो ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. म्हटलं, रस्त्यावर सायकली असणारच ना, छत्रीकडे लक्ष ठेव, छत्रीकडे. ती म्हणाली, मामा, पैज? मी म्हटलं, महिनाभर रिमोट तुझा. बायकोने पण माझ्याच बाजूने मान हलवली, बिचारी छत्रीखाली उभी राहून ऐकलेली साक्षीदार.

सायकलवालाच होता. घंटी वाजवायची आणि त्याच आवाजात स्प्रिंगने पिन सुटायची, सगळ्यांदेखत, कुणाला शंका नाही. (शेवट फोडला म्हणून ओरडू नका, मूळ बंगाली गोष्ट १९३२ सालची आहे, तुम्हाला पुरेसा वेळ मिळाला होता.) मी शेवटपर्यंत छत्री शोधत होतो. वाईट म्हणजे ते घड्याळाचं मी सातवीतही बघितलं होतं, लाईट त्यानंतर गेले, म्हणजे घंटी मीही ऐकली होती आणि सत्यान्वेषी म्हणून सह्या ठोकत हिंडत होतो.

भाचीने न बोलता रिमोट उचलला. बायको मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "म्हणजे छत्री नव्हतीच?" एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की बाकीचंही बरंच काही नव्हतं की काय असा तिला संशय आलाय.

मी गॅलरीत जाऊन मित्राला फोन लावला. तो आता दुसऱ्या शहरात असतो, दिवाळीला मेसेज टाकतो, तेवढंच.

"अरे, रास्ते का काँटामध्ये छत्री कुठून आणलीस तू?"

त्याला आधी काही कळेना, मग पाच मिनिटं नुसता हसत होता. "पाऊस होता रे तेव्हा. बाबांची छत्री दारात उघडून वाळत टाकली होती, तू आलास, समोर तीच दिसली."

"पण तू एपिसोड बघितला होतास ना? तुमच्याकडे लाईट होते ना?"

"कुठले लाईट? आमच्याकडे पण तेव्हाच गेले."

"तुमची लाईन वेगळी होती ना!"

"वेगळी कसली डोंबलाची. एकच डीपी होता सगळ्या भागाला."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. आत भाचीने काहीतरी कोरियन लावलं होतं आणि आई विचारत होती, यात सुधा आहे का.

"आणि मकडी का रस?" मी विचारलं. "तो तरी?"

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही.

"असं कर," तो म्हणाला, "तू आधी बघून घे, आणि मग मला सांग काय झालं ते."