‘प्रत्यारोपणाचे आकडे फसवे आहेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

किडनी निकामी झालेल्यांसाठी डायलिसिसपेक्षा प्रत्यारोपण बरे, असे मी मूळ लेखात लिहिले होते. त्यावर तुमचे आक्षेप तीन : प्रत्यारोपणाला मुळातच धडधाकट रुग्ण निवडतात, म्हणून आकडे चांगले दिसतात, पहिल्या वर्षाचा खर्च डोळे फिरवणारा असतो, आणि नवी किडनी शेवटी जातेच.

पहिला आक्षेप खरा आहे. डायलिसिसवरच्या सरसकट सगळ्यांशी तुलना केली, तर प्रत्यारोपण जिंकणारच. मूळ लेखात मी हे सांगायला हवे होते. पण ही पळवाट बंद करणारी तुलना अमेरिकेत १९९९ साली झाली. मृत दात्याची किडनी मिळालेले आणि त्याच प्रतीक्षायादीत थांबलेले, म्हणजे दोन्हीकडे शस्त्रक्रियेला योग्य ठरलेलेच रुग्ण. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यारोपण झालेल्यांना मृत्यूचा धोका २.८ पट होता. सुमारे साडेतीन महिन्यांनी तो सारखा झाला आणि सुरुवातीची तूट भरून निघायला आठ महिने लागले. त्यानंतरचा धोका मात्र यादीत थांबलेल्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी कमी. ज्याचे हृदय हे पहिले आठ महिने काढेल याचीच खात्री नाही, त्याने डायलिसिसवर राहणे शहाणपणाचे. तिथे आपले एकमत आहे.

खर्चाच्या हिशेबात मात्र तुम्ही वर्ष संपताच वही मिटलीत. प्रत्यारोपणाचा खर्च सुरुवातीला उसळतो, मग औषधे आणि तपासण्यांवर येऊन स्थिरावतो. डायलिसिसचा खर्च खालीच येत नाही. आठवड्याला तीनप्रमाणे वर्षाला १५६ वेळा, दर वेळी चार तास, आणि प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर द्रव. त्यात फिस्चुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) बंद पडला तर दुरुस्ती, मानेतल्या कॅथेटरला, म्हणजे नळीला, जंतुसंसर्ग झाला तर इस्पितळाची भरती, रक्तवाढीची इंजेक्शने, सोबत येणाऱ्या माणसाचे बुडालेले कामाचे दिवस. हे शेवटचे कुठल्याच बिलात दिसत नाही.

किडनी जाते, हेही बरोबर. मृत दात्याची साधारण १० ते १२ वर्षे, जिवंत दात्याची १५ ते २०. कुणाची बरीच आधी, कुणाची बरीच नंतर. पण ती का जाते, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. बऱ्याच जणांची किडनी शेवटपर्यंत चालू असते आणि मृत्यू हृदयविकाराने, संसर्गाने किंवा कर्करोगाने येतो. उरलेल्यांत मोठा वाटा प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) होणाऱ्या सावकाश रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, आणि त्यामागे अनेकदा रिजेक्शन रोखणाऱ्या औषधांचे चुकलेले डोस असतात. टॅक्रोलिमस हे त्यातले एक औषध. त्याची रक्तपातळी सकाळचा डोस घेण्याआधी, म्हणजे आदल्या डोसनंतर १२ तासांनी तपासायची. गोळी घेऊन रक्त दिले, तर आकडा फुगतो आणि डॉक्टर डोस उगाच कमी करतात. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोलने (बुरशीवरचे औषध) पातळी चढते, रिफॅम्पिसिनने (क्षयरोगावरचे औषध) कोसळते. दुसऱ्या डॉक्टरांनी साध्या खोकल्यासाठी दिलेले अँटिबायोटिकही आधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना दाखवायचे ते यासाठी. पातळी खूप वर राहिली, तर टॅक्रोलिमस स्वतःच किडनीला इजा करते. मधुमेह आणि बीके विषाणू (नव्या किडनीला इजा करू शकणारा एक विषाणू) यांनाही वाट मिळते.

आणि किडनी जाऊ लागली, की घाबरून सगळी औषधे एकदम थांबवू नयेत. प्रतिपिंडे वाढतात आणि दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता मिळणे अवघड होऊन बसते. फिस्चुलाही वेळेवर करून घ्यावा. तो पिकायला, म्हणजे सुया टोचण्याजोगा व्हायला, दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात डायलिसिसची गरज पडली तर पुन्हा मानेत कॅथेटर घालावा लागतो.