जांभ्याची खाण, कचरा आणि शेजारची विहीर

शहापूरच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो एका जुन्या खाणीवरून. बेळगावच्या पश्चिमेकडील एका गावात जांभ्याचे चिरे काढून झाल्यावर मोकळी पडलेली ही खाण आता घरोघरच्या कचऱ्याने, कोंबडीच्या पिसांनी, गॅरेजमधल्या तेलकट बोळ्यांनी आणि फुटक्या बॅटऱ्यांनी भरत चालली आहे, आणि आमच्यातील शेतकरी मित्राची विहीर तिथून जेमतेम दोन शेते खाली आहे. तात्यांना यात काही वावगे दिसत नव्हते. खड्डा फुकटात बुजतो आहे, शेवटी वर दोन ट्रॉल्या माती ओढली की काम झाले, असे त्यांचे म्हणणे.

मास्तरांनी नेमके इथेच बोट ठेवले. पाणी गाळून घेणारा मातीचा थर खाण काढताना आधीच उचललेला असतो आणि उरतो तो भोकाभोकांचा जांभा, ज्यातून पावसाचे पाणी न अडता खाली उतरते. कचरा कुजताना तयार होणारी आम्ले धातू विरघळवतात आणि ते काळपट पाणी क्षार व अमोनिया बरोबर घेऊन भूजलात मिसळते. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार भरावभूमीच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमातीचा थर, त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर आणि भूजलाची वरची पातळी त्या थराच्या किमान दोन मीटर खाली असावी लागत असे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 200 मीटर अंतर ठेवावे लागे ते वेगळेच. इथे तर पावसाळ्यात खाणीच्या तळाशी पाणीच उभे असते. वरून माती ओढल्याने पाऊस थोडा अडेल, पण बाजूने आत शिरणारे पाणी थांबत नाही.

‘विहीर सोडून दे की, साडेतीनशे फुटांची बोअर मार,’ असा सल्ला बोअरवाल्या मित्राने दिला. (त्याच्याकडून दुसरा सल्ला अपेक्षितही नव्हता.) परंतु बोअरची भिंत धरून ठेवणारा केसिंग पाइप साधारणपणे कठीण खडक लागेपर्यंतच घालतात. त्याखाली बोअरला पाणी येते ते बेसाल्टच्या भेगांतून, आणि त्या भेगा वरच्या पाण्याशी जोडलेल्या असल्या तर पंप जितका जास्त चालेल तितके दूषित पाणी बोअरकडे ओढले जाईल.

शेतकरी मित्राची भिस्त पाण्याच्या नितळपणावर होती. नातवासाठी पाणी उकळून घेतो, असे त्याने सांगितले. पण कचऱ्यातल्या अमोनियापासून पुढे बनणाऱ्या नायट्रेटला ना रंग असतो ना वास, आणि उकळल्याने वाफ निघून जाऊन उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होते. लिटरला 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकातील मर्यादा मुख्यत्वे तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू नये म्हणूनच आहे.

तात्या मात्र हटले नाहीत. तांबूस पाणी आपल्याकडे आजोबांच्या काळापासून आहे, युरिया प्रत्येक शेतात पडतो, मग दोष खाणीचाच कशावरून? माझ्या मते संध्याकाळभरातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. लोह जांभ्यातूनही येते, नायट्रेट खतातून आणि शौचखड्ड्यांतूनही येते. तेव्हा एका बाटलीच्या अहवालाने काहीच सिद्ध होत नाही. खाणीच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाच्या दोन, अशा तिन्हींचे क्लोराइड, अमोनिया, एकूण विरघळलेले क्षार आणि शिसे यांसाठी मे महिन्यात व पावसाळ्यानंतर नमुने घेऊन ते ताडून पाहावे लागतात. वर कोणती विहीर आणि खाली कोणती हे जमिनीच्या उतारावरून गृहीत धरण्यात अर्थ नाही, कारण खडकातले पाणी भेगांच्या दिशेने जाते. दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, प्रत्येक कठड्याची उंची लेव्हल लावून एकमेकींशी जुळवावी, म्हणजे पाण्याचा कल बराचसा कळतो.

एवढ्यावर सगळे राजी झाले असे वाटत असतानाच शेतकरी मित्राने खरी अडचण सांगितली. अहवाल वाईट आला आणि गावभर झाला, तर त्याच्या रताळ्यांना अडत्या काय भाव देणार आणि जमिनीला गिऱ्हाईक कुठून येणार? मास्तरांकडेही याला उत्तर नव्हते. अखेर मित्राने अट घातली, की नमुने एकट्या त्याच्या विहिरीच्या नावावर न जाता तिन्ही विहिरींच्या मालकांच्या सह्यांनी एकत्र जावेत. बाकीच्या दोघांना राजी करण्याचे काम तात्यांच्या गळ्यात पडले आहे.