डोक्यावरची वेधशाळा

प्रवासाला निघताना आमच्या घरी दोन पिशव्या भरल्या जातात. एकीत यजमानांचे कपडे, औषधे, चष्मा, वाचायचे पुस्तक आणि इंदूरकर म्हणून सोबत न्यावीच लागणारी शेव असे सगळे मावते. दुसरीत माझ्या कुरळ्या केसांचा संसार असतो : रुंद दातांचा कंगवा, कंडिशनरची बाटली, जवसाचे जेल, साटिनचा उशीचा अभ्रा, केस टिपायला जुना मऊ टी-शर्ट आणि रात्री डोक्याला बांधायचा रुमाल. दुसरी पिशवी पहिलीपेक्षा जड का, हा प्रश्न यजमान प्रत्येक वेळी नव्याने विचारतात. त्यांच्या डोक्याने हा विषय चाळिशीतच कायमचा निकालात काढलेला असल्यामुळे त्यांचे याबाबतचे मत मी ऐकते, परंतु विचारात घेत नाही.

सरळ केसांच्या माणसांचा असा दृढ समज असतो की हा सारा खटाटोप नटण्यासाठी चाललेला आहे. वस्तुतः त्यात नटणे फारच थोडे आणि पाणी व हवा यांच्याशी वाटाघाटी करणे फार असते. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून विनासायास टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसात ते प्रत्येक वळणावर रेंगाळते आणि टोकाला पोहोचतच नाही. परिणामी टाळू तेलकट आणि टोके कोरडी राहतात, आणि कोरडा केस हवेतले बाष्प मिळेल तेथून ओढून घेतो. त्यातच केसातील केरॅटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाणी लागताच सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. म्हणजे न्हाल्यावर केस ज्या आकारात वाळतील, तो त्यांचा तेवढ्यापुरता आकार; आणि वाटेत कोठे दमट हवा भेटली, की तोही करार रद्द.

जिनिव्हाच्या होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने केसाचा हाच स्वभाव हेरून माणसाच्या केसापासून हवेतील आर्द्रता मोजण्याचे यंत्र तयार केले आणि १७८३ साली त्यावर ग्रंथही लिहिला. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेलेला केस साधारणपणे दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, आणि हे लांबणे काट्यावर वाचता येते. पुढे दीर्घकाळ जगभरच्या वेधशाळांनी केस ताणून बसवलेली उपकरणे वापरली. सोस्यूरसाहेबांचे काम मोजक्या केसांत भागले. मी लाखभर केस घेऊन गावोगाव हिंडते, पण हवामान खात्याने अद्याप मला प्रवासभत्ता दिलेला नाही.

घरी, म्हणजे इंदुरात, या वेधशाळेचे बरे चालते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. पावसाळा वगळला तर हवा कोरडी आणि रात्री अशा सुखाच्या, की 'शब-ए-मालवा'चे, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचे, कौतुक करणाऱ्यांचे केसही बहुधा कुरळेच असावेत. पाण्याचे मात्र दोन पंथ आहेत. नळाला येते ती नर्मदा. तिचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणि बरेच वर चढवून शहरात आणलेले आहे. हे पाणी केसांना मानवते, परंतु ते आमच्या रामबागेत एक दिवसाआड येते. उरलेल्या दिवसांची भिस्त बोरिंगवर. तेव्हा न्हाण्याचा दिवस मी नळ पाहून ठरवते. एकादशीला न्हाऊ नये, सोमवारी न्हाऊ नये, शनिवारी तर नकोच, असे आजीचे कडक नियम होते. नर्मदेने त्यातला एकही पाळलेला नाही.

परगावी गेल्यावर तेथले पाणी कसे आहे हे न्हाण्यापूर्वी कळले पाहिजे, आणि यजमानीणबाईंना सरळ विचारले तर त्या दुखावतात. आपल्या गावचे पाणी वाईट आहे असे कोणतेही गाव कबूल करीत नाही. म्हणून मी आडून विचारते. माझी आत्या ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहते. तिच्याकडे निघण्यापूर्वी मी फोनवर विचारले, "आत्या, तुमच्याकडे तुरीची डाळ लवकर शिजते का गं?" जड पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवते आणि डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही बोटचेपी होत नाही; तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसले की ते राठ होतात आणि साबणाचा फेस न होता चोथा होतो. एवढे सगळे त्या प्रश्नात भरलेले होते. आत्या म्हणाली, "वरण-भात हवाय का तुला? अगं, मग सांग ना तसं! चिमूटभर सोडा घातला की शिजते हो छान." सोडा हा शब्द ऐकताच निदान पूर्ण झाले. मी पिशवीत आणखी एक कंडिशनर ठेवला. ग्वाल्हेरच्या मुक्कामात मला दोन्ही वेळा वरण-भात मिळाला आणि भाकरीचे नाव कोणी काढले नाही.

जड पाण्यावर माझा उतारा असा, की शेवटच्या तांब्यात अर्धे लिंबू पिळायचे. आंबट पाण्याने केसांवरचा थर काही अंशी उतरतो. परंतु ते दिवस वैशाखाचे होते, आणि वैशाखात लिंबू ही भाजी नसून गुंतवणूक असते. टोपलीतले लिंबू न्हाणीघराकडे निघालेले पाहून आत्येने जो चेहरा केला, तो मी तिच्या दागिन्यांचा डबा उचलला असता तरी केला नसता. "पोह्यावर पिळायला ठेवलं होतं गं ते," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोहे बिनलिंबाचे झाले आणि ते कोणामुळे, हे घरातल्या प्रत्येकाला निराळे सांगण्यात आले.

त्या ऋतूत ग्वाल्हेरला लू वाहते. या वाऱ्यात केस फुगत नाहीत, करकरीत होतात. माझ्या एका क्रीममध्ये ग्लिसरीन होते. ग्लिसरीनचा धर्म ओलावा ओढण्याचा; हवेत ओलावा असेल तर ते हवेतून ओढते, आणि हवा ठणठणीत कोरडी असेल तर केसात असेल नसेल तेवढाही बाहेर काढते. ते क्रीम मी त्या मुक्कामात डब्याबाहेर काढलेच नाही.

पाणी आणि वारा ही संकटे तरी निर्जीव असतात. प्रवासातले खरे संकट नातेवाइकांच्या मायेतून येते. मायेच्या माणसाला कुरळे केस दिसले की ते विस्कटलेलेच दिसतात. रात्री गच्चीवर गाद्या घातल्यावर आत्या खोबरेल तेलाची बाटली आणि बारीक दातांची फणी घेऊन माझ्या मागे येऊन बसली. "हा काय अवतार गं? डोक्यावरून फणी फिरते की नाही कधी?" कुरळे केस ओले असताना, कंडिशनर लावून, बोटांनी किंवा रुंद कंगव्याने, टोकांकडून वर सोडवत न्यायचे असतात, आणि एकदा वाळले की त्यांना कंगवा दाखवायचासुद्धा नसतो, हे मी तिला आदरपूर्वक समजावून सांगितले. तिने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मुळापासून फणी घातली. वळण घेऊन एकत्र बसलेल्या बटा कोरड्या विंचरल्या की प्रत्येक केस सुटा होतो, आणि सुट्या झालेल्या केसांना जागा फार लागते. आत्येने जितके विंचरावे तितके केस वाढत गेले. तीस वर्षे शाळा चालवलेली बाई ती. हार मानणे तिला ठाऊक नव्हते. अखेर फणीचा एक दात निखळून माझ्या डोक्यात राहिला आणि आतेभावाने मोबाइलच्या उजेडात त्याचा शोध घेतला. सकाळी मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा आरसा अपुरा पडला. "आता कसं मोकळं मोकळं वाटत असेल," आत्या म्हणाली. मी हो म्हटले.

विमानप्रवासाची अडचण सभ्य स्वरूपाची असते. परदेशी निघाल्यास बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात कोणताही द्रवपदार्थ शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही, आणि शंभर मिलिलिटर कंडिशनर म्हणजे माझ्या केसांचा नाश्ता. मोठ्या बाटल्या खालच्या बॅगेत टाकाव्यात तर वर गेल्यावर हवेचा दाब कमी होऊन अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा पसरते आणि माल साड्यांवर उतरतो. म्हणून बाटली दाबून हवा काढून मगच झाकण लावायचे. जवसाचे जेल मात्र घरचे असते, त्यात टिकण्यासाठी काही घातलेले नसते, आणि फ्रिजबाहेर ते फार दिवस तग धरीत नाही, त्यामुळे छोट्या बाटलीत ते मी जवळच ठेवते. दिसायला ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे असते. तपासणीच्या रांगेतल्या जवानाने बाटली उजेडात धरून, तिरकी करून, पुन्हा सरळ करून विचारले, "मॅडम, ये क्या है?" मी म्हटले, "अलसी." त्याचा चेहरा एकदम घरगुती झाला. त्याच्या आईचे गुडघे दुखत होते आणि तिला कोणी तरी अलसी खायला सांगितली होती. ती भाजून खायची की भिजवून, याची चौकशी त्याने तेथेच केली. मागे रांग खोळंबली होती, तरी मी भाजून खायला सांगितले. विमानात हवेतील आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्याही खाली असते, तेव्हा अशा प्रवासात केस माथ्यावर सैल बांधून रुमालात गुंडाळण्याला पर्याय नाही. शेजारच्या प्रवाशाला आपण आजारी वाटतो आणि तो खुर्चीच्या हातावरचा हक्क आपण होऊन सोडतो, हा त्यातला फायदा.

आगगाडीची गोष्ट वेगळी. इंदूरहून संध्याकाळच्या गाडीने बडोद्याला निघावे, शयनयानाची खिडकी उघडी असावी, म्हणजे स्टेशनांची नावे वाचायची गरज उरत नाही. रतलामपर्यंत केस माळव्याचे नागरिक असतात. दाहोद गेले, गाडी पठार उतरू लागली, की कानशिलावरच्या बटा सैल पडतात. गोध्र्याला त्या उभ्या राहतात आणि बडोदे येईपर्यंत उशीच्या अभ्र्याचा काही उपयोग राहत नाही. होळकर, शिंदे आणि गायकवाड यांनी तीन दिशांना तीन राज्ये थाटली तेव्हा त्यांच्यामागून निघालेल्या आमच्या पूर्वजांनी तिन्ही ठिकाणच्या हवेचा काहीच विचार केला नव्हता, असे मला डांडिया बाजारात रिक्षातून उतरताना दर वेळी वाटते. मावशी तेथे राहते. बडोद्याच्या पाण्याविषयी माझी तक्रार नाही; सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून घेतलेला आहे, आणि मावशीची डाळ दोन शिट्ट्यांत शिजते. बडोद्याचा प्रश्न हवेचा आहे.

मावसबहिणीच्या मुलीचे लग्न ज्येष्ठात निघाले. पाऊस तोंडावर आलेला, हवा पिळून काढावी इतकी ओली. सकाळी सहाला पार्लरवाल्या मुली घरी आल्या आणि नवरीचे आटोपल्यावर हाताशी गरम इस्त्री शिल्लक आहे म्हणून भाचीने मला खुर्चीत बसवले. "मावशी, आजच्या दिवस तरी!" नवरीमुलीचा शब्द मोडवत नाही. इस्त्रीच्या उष्णतेने फक्त हायड्रोजन बंध सुटतात आणि नव्या जागी बसतात. केरॅटिनमधले गंधकाचे बंध जागचे हलत नाहीत, त्यामुळे हे सरळपण उसनवारीचे असते, हे मला ठाऊक होते. तासाभराने आरशात एक अनोळखी, सज्जन बाई बसलेली दिसली. यजमानांनी तिला आदराने वाट करून दिली.

कार्यालयात पंखे होते, वातानुकूलन नव्हते. अंतरपाट धरला तेव्हा मी नवरीच्या मागे उभी होते. पहिल्या मंगलाष्टकाला डाव्या कानाजवळची एक बट वर उचलली गेली. दुसऱ्याला उजवीकडची तिला येऊन मिळाली. तिसरे मंगलाष्टक वराच्या काकांनी स्वतः रचलेले असल्यामुळे फार लांबले आणि तेवढ्यात मानेमागची सगळी फळी फुटली. भटजी दर वेळी 'सावधान' म्हणत होते, पण करण्यासारखे माझ्या हाती काही उरले नव्हते. पंगत बसेपर्यंत डोके पूर्ण मूळपदावर आले.

माझ्या पानाशेजारी वरपक्षाकडच्या एक आजी बसल्या होत्या. मठ्ठ्याचा घोट घेऊन त्यांनी मला नीट न्याहाळले आणि विचारले, "सकाळी नवरीमुलीच्या मागे त्या सरळ केसांच्या बाई होत्या ना, चेहरा थोडाफार तुमच्या वळणाचा, त्या तुमच्या कोण? पंगतीला कशा नाही दिसत?" मी म्हटले, "त्यांना लवकर निघावं लागलं." आजींना फार वाईट वाटले. वरपक्षाची मंडळी उपाशी पाहुणा परत पाठवीत नाहीत असे म्हणून त्यांनी वाढप्याला हाक मारली, कागदाच्या पुडीत चार बुंदीचे लाडू बांधून घेतले आणि त्या बाईंना आठवणीने पोहोचवायला सांगून ती पुडी माझ्या हाती दिली. यजमान म्हणाले, "द्या इकडे, मी पोहोचवतो," आणि त्यातले दोन त्यांनी गाडीत बसण्यापूर्वीच पोहोचवले.