फेरी ती फेरी

सोसायटीच्या चालण्याच्या स्पर्धेत मी अर्ध्या फेरीने हरलो, असं ग्रुपवर जाहीर झालं आणि पटापट अंगठे पडले. पडू देत. मी हरलेलो नाही.

बाग गोल. फेऱ्या वीस. विजेते आतली कड धरून चालले. त्यांच्या शेजारी रीडेव्हलपमेंटवर बोलणारे दोघं आडवे पसरलेले, त्यामुळे मी ढकलला गेलो बाहेर. तिथले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यापासून म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलताहेत. दर महिन्याला मेंटेनन्स भरतो तो नेमका कशाचा, हे एकदा कुणीतरी सांगावं.

पंचकाकांना गाठलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. दूध आणायलाही ते ती घालूनच जातात.

“काका, त्यांच्या-माझ्या वाटेत दीड मीटरचं अंतर. म्हणजे व्यासात तीन. गुणिले पाय, फेरीमागे साडेनऊ मीटर. वीस फेऱ्यांचे १८८! आतल्या कडेचा व्यास ४०, परीघ १२६. म्हणजे दीड फेरी मी जादा चाललो. मागे होतो अर्धीच. उरली की एक!”

“फेरी ती फेरी. आतून मारा नाहीतर बाहेरून.”

“अहो, म्हणून तर ४०० मीटरच्या शर्यतीत बाहेरच्याला पुढे उभं करतात! पट्टी फक्त १.२२ मीटरची, तरी सात मीटरच्या वर फरक पडतो. आणि बाग केवढीही असो, आपला फरक तेवढाच. पृथ्वीला फेरी मारली तरी साडेनऊच मीटर!”

“पृथ्वीचं सोडा. ती सोसायटीच्या हद्दीत येत नाही.” काकांनी शिट्टी सदऱ्याला पुसली. “पाय किती धरलात?”

“३.१४.”

“आमच्या वेळी बावीस सप्तमांश होता.”

आता मात्र मी भास्कराचार्यांना मध्ये घातलं. ११५० सालच्या लीलावतीत सूक्ष्म हिशेबाला ३९२७ भागिले १२५० दिलंय, बावीस सप्तमांश नुसता व्यवहारापुरता.

“मग झालं तर! तुम्हीही व्यवहारापुरतंच बोला. बक्षीस स्टीलची बाटली आहे, गाडी नाही.”

वर म्हणाले, तक्रार असेल तर लेखी द्या, सोबत आकृती जोडा. जोडली. मुलीचा कंपास घेऊन दोन समकेंद्री वर्तुळं काढली, बाहेरचं लाल केलं, हलणारे ब्लॉकही दाखवले.

काल शेरा आला: ‘आकृती सुबक आहे. मात्र अर्जदाराच्या नावापुढे एकोणीसच फेऱ्यांची नोंद आढळते.’